चार बोटांचं अंतर

यंदाच्या हंगामात आमचा झुंजार संघ तळाला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. मागच्या वर्षी खालून दुसरे होतो, तेव्हा मी म्हटलं होतं, याहून वाईट काय होणार? झालं. तरी मी एकही सामना चुकवलेला नाही. तांबगावात जन्मलेल्या माणसाला दुसरा संघ धरता येत नाही, आणि मी तर त्याच संघाच्या प्रशिक्षकाशी लग्न करून बसले आहे.

आमची पोरं खेळतात उत्तम. चढाईला गेली की समोरचे गडी मागच्या रेषेला चिकटतात, आणि पकड तर अशी की सुटायचं नाव नको. गुण जातात ते पंचाच्या पायी. म्हणजे आता जो काही पंच आहे त्याच्या पायी.

कबड्डीत माणूस पंच आता उरलेला नाही. मॅटच्या कडेला कोट घातलेले दोघं उभे असतात, पण ते शेवटी हारतुरे घ्यायला. निकाल देतो तो चित्रगुप्त. हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने ठेवलेलं त्याचं नाव वेगळंच आहे, लांबलचक, पण पहिल्याच वर्षी प्रेक्षकांनी त्याचं बारसं केलं आणि तेच चिकटलं.

तो चालतो कसा, ते माझ्या लेकीने मला एकदा भाजी निवडता निवडता समजावलं होतं. ऋतुजा त्याच कंपनीत आहे. प्रत्येक गड्याच्या कमरेला बोटभर रुंदीचा पट्टा असतो. तो अंगात विजेची अतिशय क्षीण लहर सोडत राहतो, अंगावर मुंगी चालल्याइतकीही जाणवत नाही. प्रत्येकाची लहर वेगळी, जसं प्रत्येक रेडिओ स्टेशन वेगळ्या जागी लागायचं. माणसाच्या अंगात खारट पाणीच जास्त, त्यातून ती लहर सहज पळते. जर्सीच्या कापडातही बारीक तारा विणलेल्या. त्यामुळे एका गड्याचं नख जरी दुसऱ्याला टेकलं, तरी याची लहर त्याच्या पट्ट्याला ऐकू येते. पट्टा पिवळा झाला की गडी बाद. हुज्जत नाही, आरडाओरडा नाही. मला हा चित्रगुप्त आवडत नाही. चुकत असता तर निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आता आमच्या झुंजार मंडळाची रीत सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. चढाई करणाऱ्याचा हात आपल्याला लागला, तर पंचाने शिट्टी मारायची वाट बघायची नाही, आपणच हात वर करायचा आणि बाहेर जायचं. हे पूर्वी बऱ्याच गावांत होतं. आमच्याकडे त्याच्या पुढची एक पायरी होती. लागलं की नाही अशी नुसती शंका आली, तरी हात वर. शंकेचा गुण समोरच्याचा. मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्यांनी घालून दिलेली ही रीत आमचे हे अजून पोरांना शिकवतात. आणि चित्रगुप्त आल्यापासून नियम असा, की पट्टा बोलायच्या आत हात वर केला तर ती निकालात ढवळाढवळ, एक गुण दंड. यंदा लीगमध्ये जेवढा दंड झाला, त्यातला निम्मा आमच्या एकट्या संघाला.

परवा सामना हरून घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, पोरांना सांगा की, हात खिशात ठेवा म्हणून."

"चड्डीला खिसा कुठं असतोय?" हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ह्यांचं नाव सर्जेराव. गावात त्यांना तीस वर्षं 'हातवर' म्हणतात. कौतुकाने म्हणतात की चेष्टेने, हे म्हणणाऱ्याच्या वयावर आहे. ज्यांनी तो सामना पाहिला, ते अजून चेष्टेनेच म्हणतात.

तो सामना मीही पाहिला आहे. बाजारपटांगणातल्या गोदामाच्या पायऱ्यांवर बायकांना जागा होती, तिथे मी मैत्रिणींबरोबर ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले होते. तेव्हा मॅट नव्हती, माती होती. आठवडाभर आधी नदीकाठची माती आणून चाळायची, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा आणि सामन्याच्या दिवशी सकाळी चुन्याने रेषा मारायच्या. गड्याने पाय आपटला की ओल्या मातीचा वास पायऱ्यांपर्यंत यायचा. भोंग्यावर समालोचन करणारा एका दमात सात गड्यांची सात टोपणनावं घ्यायचा. मॅटला कसला वास येतो? मला तर नव्या चपलेच्या दुकानासारखा येतो.

अंतिम सामना, समोर कुंभारगाव. वेळ संपत आलेली, आम्ही एका गुणाने पुढे. मैदानात आमचा एकच गडी उरलेला, आणि तो हे. कुंभारगावचा उत्तम खोत शेवटच्या चढाईला आला. आडदांड गडी, पण पाय मांजराचे. ह्यांना हात लागला तर एक गुण, आणि सगळा संघ बाद झाल्याबद्दल लोणाचे दोन, म्हणजे चषक कुंभारगावचा. नाही लागला तर आमचा. गावाला तोवर एकही चषक मिळालेला नव्हता, आणि त्या सामन्यावरून रेल्वेच्या संघासाठी गडी निवडायला साहेब येऊन बसले होते.

खोतने कोपऱ्यात दाबलं, हे उसळून बाजूला गेले, खोतने जमिनीलगत झेप घेऊन हात टाकला आणि परत फिरला. पंच होते माळवाडीचे सुतार मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी दोन्ही हात पोटासमोर आडवे फिरवून 'काही नाही' अशी खूण केली. लांब शिट्टी वाजली. आमची माणसं मैदानात घुसली, माझ्या वडिलांनी फेटा उडवला.

आणि ह्यांनी हात वर केला.

सुतार मास्तर शिट्टी तोंडात तशीच धरून ह्यांच्याकडे बघत राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "लागलं?"

"लागलं, मास्तर. पोटरीला."

मास्तरांनी निकाल फिरवला. चषक कुंभारगावला गेला. रेल्वेची नोकरी उत्तम खोतला लागली आणि ह्यांनी वडिलांची पिठाची गिरणी धरली. वर्षभराने माझ्या वडिलांनी मला ह्यांना दिली. घरी सगळे विचारत होते, त्या हातवरला कशाला? मला मात्र तोच पाहिजे होता. चषक हातचा गेला म्हणून मी त्या दिवशी रडले, हे खरं. पण रडता रडता मी त्याच माणसाकडे बघत होते, हेही तितकंच खरं.

तर, मागच्या महिन्यात ऋतुजा घरी आली. ह्यांचा पंचावन्नावा वाढदिवस होता. केक आणला, नवा शर्ट आणला, आणि मला स्वयंपाकघरात ओढून दार लोटून घेतलं.

"आई, मी पप्पांना एक भेट द्यायची ठरवली होती," ती म्हणाली. "आता द्यावी की नको, तू सांग."

कंपनीने एक नवीन काम काढलं होतं, जुन्या सामन्यांचा निवाडा. ते असं. गेल्या काही वर्षांत पट्टे लावून लाखो चढाया झाल्या आणि त्या सगळ्यांचं चित्रण आहे. कुठे स्पर्श झाला आणि कुठे नाही, हे पट्ट्यांमुळे पक्कं माहीत आहे. ते सगळं दाखवून यंत्राला शिकवलं, की हात लागलेलं अंग कसं दिसतं. बोट टेकलं की कातडीवर बारीकशी लाट उठते, टाकलेल्या हाताचा वेग केसभर कमी होतो, स्नायू अमक्या तऱ्हेने आखडतो. आपल्या डोळ्याला हे दिसत नाही, पण चित्रात ते असतं. एकदा शिकल्यावर यंत्राला पट्टा लागत नाही. जुनं चित्रण द्या, ते सांगतं. लीगच्या समितीने जाहीरही करून टाकलं होतं, की ज्या गड्याच्या सांगण्यावरून पूर्वी निकाल फिरला, त्याची संमती असेल तर नोंद दुरुस्त करू आणि चषकही देऊ.

"पप्पांचा सामना मी यंत्रात घातला," ऋतुजा म्हणाली. "त्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने नवीन कॅमेरा घेतला होता बघ, त्याचं चित्रण मिळालं. मला वाटलं, पप्पा खरं बोलले याचा पुरावाच होईल, फ्रेम करून देऊ."

"मग?"

"लागलंच नव्हतं, आई."

मी पावट्याच्या शेंगा सोलत होते, ते ताट बाजूला ठेवलं. तिने मोबाइलवर दाखवलं. खोतचा हात ह्यांच्या पोटरीपासून चांगला लांब होता. पण जमिनीलगत झेप घेताना त्याची बोटं मातीत घासली, एक ढेकूळ उडालं आणि ते पोटरीवर आदळलं. कातडीवर उठलेली लाट बोटाची नव्हती, हरभऱ्याएवढ्या खड्याची होती.

पहिल्यांदा मला काय वाटलं, ते लपवत नाही. मला चषक दिसला. आमच्या मंडळाच्या कपाटात, मधल्या फळीवर. तीस वर्षं चषकाविना राहिलेल्या संघाच्या माणसाला असंच वाटणार. पण लगेच दुसरं मनात आलं. नोकरी गेली, चषक गेला, गावाने नाव ठेवलं, आणि एवढं सगळं सोसताना ह्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, की लागलं होतं आणि मी लागलं म्हणालो. ती आता काढून घ्यायची, आणि तीही वाढदिवसाला.

"नको सांगू," मी म्हटलं.

"समिती यादी छापणार आहे. पप्पांना दुसरं कुणी सांगितलं तर?"

तिचंही बरोबर होतं. केक कापून झाल्यावर आम्ही दोघी गिरणीत गेलो. हे कुणाची तरी ज्वारी दळत होते, भुवयांवर पीठ. ऋतुजाने मोठ्याने सांगायला सुरुवात केली, कारण गिरणीत मोठ्यानेच बोलावं लागतं. अर्ध्यावर ह्यांनी गिरणी बंद केली.

"परत सांग."

तिने परत सांगितलं. ढेकळाचंही सांगितलं. यंत्राची खात्री किती आहे, तेही सांगितलं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. राग येईल, हसतील, नाहीतर मशीनला काय कळतंय म्हणतील, सगळ्याची तयारी ठेवली होती.

"हात किती लांब हुता?" ह्यांनी विचारलं.

"सात सेंटिमीटर, पप्पा."

ह्यांनी स्वतःची बोटं जुळवून पोटरीजवळ धरून बघितली. चार बोटं. मग पिठाच्या पोत्यावर टेकले.

"अहो, तुम्ही खोटं न्हाई बोलला," मी म्हटलं. "कायतरी लागलं हुतंच की."

"त्याचं न्हाई गं, वैजू." हे म्हणाले. "म्हंजी मास्तरांचं बरोबर हुतं."

मला क्षणभर कळलंच नाही, कोणते मास्तर. इतकी वर्षं मी हा सामना मनात खेळले, त्यात चषक होता, खोत होता, रेल्वेचे साहेबसुद्धा होते. पंचाचा विचार मी कधी केला नव्हता. गड्याने स्वतः लागलं म्हटलं आणि पंचाला दिसलं नाही, म्हटल्यावर लोकांनी काय केलं असेल? त्यांचं नाव 'मोतीबिंदू मास्तर' पाडलं. शाळेच्या फळ्यावर पोरं चष्म्याचं चित्र काढून ठेवायची. मास्तरांनी पुन्हा कधी शिट्टी हातात घेतली नाही. पंचक्रोशीतला सगळ्यात सरळ पंच म्हणून ज्यांना गावोगावचे लोक बोलवायला यायचे, ते मैदानाकडेच फिरकेनासे झाले.

"नोंद दुरुस्त करायची का, पप्पा?" ऋतुजाने हळूच विचारलं. "मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल."

"चषकाचं काय एवढं न्हाई. पंचानं दिलेला निकाल बरोबर हुता, तर तो बरोबर म्हणून लिवला पायजे," हे म्हणाले. "पण आधी मास्तरांकडं जाऊ."

निघण्याआधी ह्यांनी उत्तम खोतला फोन लावला. हे दोघं मधूनमधून बोलत असतात, आमच्या घरच्या कार्यांना तो येतो.

"उत्तम, तुझा चषक चाललाय बघ," म्हणून ह्यांनी सगळं सांगितलं.

फोन स्पीकरवर होता. मग खोत म्हणाला, "मलाबी कळलं न्हवतं रं, लागलं का न्हाई ते. तू हात केलास, म्हणलं, लागलं आसंल." आणि थोडं थांबून, "न्यायला ट्रॅक्टर आण. लई जड हाय."

माळवाडी अर्ध्या तासावर. ऋतुजा गाडी चालवत होती, हे पुढे बसले होते, नव्या शर्टात. केसांतलं पीठ तसंच होतं. मी झटकायला गेले तर म्हणाले, राहू दे.

सुतार मास्तर ओसरीवर खुर्ची टाकून पोत्याचं तोंड शिवत होते. ऐंशीला आले असतील. आम्ही फाटकाशी असतानाच त्यांनी सुई खोचून ठेवली आणि म्हणाले, "सर्जेराव का? डावा पाय अजून ओढतोस." त्यांच्या सुनेने चहा ठेवला. हे खुर्चीवर न बसता ओसरीच्या कडेलाच बसले.

"मास्तर, त्या दिवशी लागलं न्हवतं."

कोणत्या दिवशी, असं मास्तरांनी विचारलं नाही. "कोण म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय. चार बोटं अंतर हुतं."

मास्तरांनी आपला उजवा हात वर धरला, चार बोटं जुळवली आणि ती डोळ्यांसमोर आणली.

"मी बघितलं होतं, सर्जेराव," ते म्हणाले. "स्वच्छ बघितलं होतं. मधून उजेड दिसत होता मला. पण तू हात वर केलास. मी म्हटलं, ज्याचा चषक चाललाय तो गडीच लागलं म्हणतोय, तर माझाच डोळा फसला असणार. तुझ्यावर विश्वास ठेवला मी."

"लोकांनी तुम्हाला..."

"लोकांचं सोड. लोक पंचाला म्हणतातच. मी मिरजेला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, मास्तर, डोळे उत्तम आहेत. ते ऐकून तर जास्तच घाबरलो. डोळे चांगले, आणि तरी नव्हतं ते दिसलं, म्हटल्यावर शिट्टी मारायची कशाच्या जिवावर? वर्गात पोरांना सरळ रेघ काढून दाखवायचो आणि मनात यायचं, ही सरळ आहे ना?"

मी तीस वर्षांत ह्यांना रडताना दोनदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा आणि ऋतुजाच्या जन्माला. ही तिसरी वेळ.

"माझ्या हातानं झालं, मास्तर."

"तुला जे वाटलं ते तू सांगितलंस," मास्तर म्हणाले. "त्यात तुझं काय चुकलं?"

ऋतुजाने टॅबलेट काढला. "मास्तर, बघायचंय का? हळू करून दाखवते. खडा उडालेला नीट दिसतो."

"हळू नको," मास्तर म्हणाले. "खऱ्या वेगात दाखव. पंचाला हळू कुठे बघायला मिळतं?"

तिने तसं लावलं. भोंग्याचा आवाज आला, पटांगणातली गर्दी आली, पायऱ्यांवर एक हिरव्या पोलक्याची मुलगी ओच्यात शेंगा घेऊन उभी राहिली होती, ती मी. खोतचा दम ऐकू येत होता. मास्तर वाकून बघत होते, डोळ्यांची पापणीही न हलवता. चढाई सुरू होताच ते खुर्चीच्या टोकाला सरकले होते. खोत कोपऱ्यात आला, हे उसळले, खोतने झेप टाकली, आणि मास्तर उठून उभे राहिले. पडद्यावरच्या पंचाच्याही आधी त्यांचे दोन्ही हात पोटासमोर आडवे फिरले. काही नाही.

सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली. ऋतुजाने चित्रण थांबवलं. मास्तर त्या दिवसासारखेच ह्यांच्याकडे वळले, दोन पावलं जवळ आले.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांच्या शेजारीच बसले होते. सवयीने हात उठेल म्हणून मी त्यांचं मनगट धरलं होतं. पण हात मांडीवरच होता.

"न्हाई, मास्तर," हे म्हणाले. "माती हुती ती."